आधी पैज, मग प्रयोग

निगडीहून दापोडीकडे जा, नाहीतर भोसरीतून चाकणच्या दिशेने निघा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेड संपता संपत नाहीत. त्यातल्या कुठल्याही शेडमध्ये शिरून मान वर केली की छपराखाली लोखंडी अँगलची कैची दिसते आणि त्या कैचीत नुसते त्रिकोण. कारखाना दाखवायला आणलेली शाळेतली मुलं इथे हमखास विचारतात, की चौकोन का नाहीत? चौकोन दिसायला नीटनेटके, लोखंडही थोडं वाचलं असतं. "त्रिकोण मजबूत असतो," असं सांगून मोठी माणसं पुढे चालू लागतात. उत्तर खोटं नाही, पण त्याने काही कळतही नाही. लोखंड तेच, जाडी तीच. मग चौकोन करताच त्याचा जोर कुठे जातो?

या प्रकरणात असे पाच प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर घरच्या सामानातून हाताने काढता येतं. अट एकच. प्रयोगाआधी काय होईल ते मोठ्याने सांगायचं, जमल्यास आकड्यासकट, आणि कुणाशी तरी पैज लावायची. कारण प्रयोग पाहून झाल्यावर "हे तर मला आधीच वाटलं होतं" असं म्हणण्यात आपण सगळे पटाईत असतो. आकडा तोंडातून गेलेला असला की ती पळवाट बंद होते.

१. काड्यापेटी आणि वॉल ट्यूब

सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर काळ्या रबराची बारीक नळी चढवतात. सायकलवाला तिला वॉल ट्यूब म्हणतो. तिचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याच्या दोन टोकांत आगकाडी खुपसली की काड्यांचा सांधा तयार होतो, आणि तो सगळीकडे वळतो. तीन काड्या आणि तीन तुकडे यांचा त्रिकोण करा, चार-चारांचा चौकोन करा. आता दोन्ही बोटांनी दाबा. चौकोन लगेच कलंडतो आणि शंकरपाळ्यासारखा तिरका होतो. त्रिकोण हलत नाही. सांधे दोन्हीकडे तितकेच ढिले आहेत, ही यातली खरी गंमत.

ही काडी-नळीची जोडणी ज्यांच्यामुळे देशभरातल्या शाळांत पोचली, ते अरविंद गुप्ता मुळात याच पट्ट्यातले ट्रकवाले. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली बाहेर पडले आणि पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर म्हणून लागले. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. तिथल्या आठवडी बाजारात जे मिळेल त्यातून विज्ञान शिकवायचं होतं, आणि बाजारात वॉल ट्यूब होती. पुढे त्यांनी नोकरी सोडली, टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्यातच आयुष्य घातलं, पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं मुलांबरोबर काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रकच्या कारखान्यातून निघालेल्या माणसाने सांधे आणि काड्या हातात घ्याव्यात, यात मला नवल वाटत नाही. यंत्र म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आता थोडा हिशेब. टेबलावर सपाट ठेवलेल्या आकृतीत प्रत्येक सांध्याला दोन मोकळिका असतात: डावी-उजवीकडे सरकणं आणि पुढे-मागे सरकणं. प्रत्येक काडी दोन सांध्यांमधलं अंतर पक्कं करते, म्हणजे एक मोकळीक काढून घेते. अख्खी आकृती टेबलावर दोन दिशांना सरकू शकते आणि गोल फिरू शकते. त्या तीन मोकळिका कायम राहणार, त्याला आपली हरकत नाही. म्हणून हवी असलेली काड्यांची संख्या झाली: सांध्यांची दुप्पट वजा तीन. त्रिकोणात तीन सांधे, ३ × २ − ३ = ३, काड्या बरोबर तीन. चौकोनात ४ × २ − ३ = ५, पण काड्या चारच. एक कमी पडली. एक तिरकी काडी टाकली की चौकोन घट्ट होतो आणि त्याचे दोन त्रिकोण झालेले असतात.

टेबल सोडून हवेत गेलं की प्रत्येक सांध्याला वर-खाली ही तिसरी मोकळीक मिळते, आणि अख्ख्या आकृतीच्या हालचाली सहा होतात: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. सूत्र बनतं, सांध्यांची तिप्पट वजा सहा. हा नियम स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली मांडला. विजेचा आणि चुंबकाचा मेळ घालणारे तेच हे. आता पैज. बारा काड्यांचा घन करायचा (सुईने नळीला भोक पाडून तिसरी काडी आडवी खुपसली की घनाचा कोपरा होतो). तो ताठ उभा राहायला आणखी किती काड्या लागतील? बहुतेक जण दोन किंवा चार म्हणतात. घनाचे कोपरे आठ. ८ × ३ − ६ = १८. बारा आहेत, सहा हव्यात: प्रत्येक बाजूला एक तिरकी. त्या सगळ्या दोन-तीन बाजूंवरच कोंबल्या तर मात्र संख्या भरूनही घन डुगडुगतो. कुठे टाकली यालाही तितकंच महत्त्व.

शेडच्या कैचीत सांधे ढिले नसतात, वेल्ड केलेले असतात. मग चौकोन चालला नसता का? चालला असता, पण लोखंड बरंच जाड लागलं असतं. प्लास्टिकची पट्टी हातात घेऊन पाहा. वाकवायला दोन बोटं पुरतात, ओढून लांब करायला दोन माणसंही पुरत नाहीत. त्रिकोणात छपराचं वजन अँगलला मुख्यतः ताणतं किंवा दाबतं. चौकोनात ते अँगलला वाकवतं. कैची बांधणारा, लोखंडाला जे सहज सोसतं तेच काम त्याला देतो.

२. एक कात्री, एक नळी

स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा रोल संपला की पुठ्ठ्याची नळी उरते. ती दोन्ही हातांनी कपडे पिळतात तशी पिळून पाहा. फारशी पिळली जात नाही. आता कात्रीने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उभी चिरा. पुठ्ठा काढून टाकायचा नाही, फक्त एक चीर. पैज लावा: ताकद किती कमी होईल? निम्मी? चौथा हिस्सा?

करून पाहिलं की माणसं हसतात, कारण नळी हातात जवळजवळ विरोधच करत नाही. पिळताना चिरेच्या दोन कडांकडे लक्ष द्या. त्या एकमेकींना घासत लांबीच्या दिशेने सरकतात. चीर नसताना या सरकण्याला जागाच नव्हती. सगळा विरोध तिथेच होता. पातळ नळीसाठी हिशेब असा: त्रिज्येला जाडीने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, तीनने गुणा. त्रिज्या २० मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर असेल तर ४०० गुणिले ३, म्हणजे बंद नळी चिरलेल्या नळीपेक्षा १,२०० पट ताठ. पुठ्ठा काही आदर्श वस्तू नव्हे, पण फरक हाताला कळायला तेवढं पुरे. चिरेवर चिकटपट्टी लावली की ताठपणा बराचसा परत येतो.

चाकणच्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा जोडताना यंत्रमानव शेकडो ठिकाणी ठिणग्या उडवत स्पॉट वेल्डिंग करतात, ते याच चिकटपट्टीचं काम. दाराखालचा उंबरा, काचेच्या बाजूचे खांब, हे सगळे दाबून आकार दिलेले दोन-दोन पत्रे समोरासमोर ठेवून बनवतात. कडा जोडल्या नाहीत तर ते दोन उघडे पन्हळ. जोडल्या की बंद नळी. एका मोटारीत असे काही हजार स्पॉट असतात.

आणि ट्रक? ट्रकची चासी नेमकी उलट. दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. चॅनेल म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा, एका बाजूने उघडा. म्हणजे चिरलेलीच नळी! ट्रकवाल्यांना हे कळत नाही असं थोडंच आहे. खाणीच्या नाहीतर उसाच्या फडाच्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर असताना चासीने थोडं पिळलं जावं, चारही कोपऱ्यांतली चाकं जमिनीला टेकलेली राहावीत, हे त्यांना हवंच असतं. वाकण्याला मात्र हेच चॅनेल चांगला विरोध करतात, कारण उभ्या वजनापुढे उघड्या बाजूमुळे फारसं बिघडत नाही. मोटारीत जो दोष ठरेल तोच ट्रकमध्ये मुद्दाम ठेवलेला गुण.

३. स्टिअरिंग नसलेली गाडी

पुणे-लोणावळा लोकलमध्ये दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी स्टेशनं मोजत बसणाऱ्याला कधीतरी प्रश्न पडतो की ही गाडी वळते कशी? बहुतेकांचं उत्तर असतं: चाकाला आतून कड असते, ती रुळाला घासून गाडीला वळवते. कड असते हे खरं. पण रोजचं काम तिचं नाही.

चहाचे दोन कागदी कप घ्या. एकदा तोंडाला तोंड लावून चिकटवा; दुसरी जोडी बुडाला बूड लावून. दोन लांब पट्ट्या किंवा काठ्या समांतर ठेवून थोडा उतार द्या आणि दोन्ही जोड्या त्या रुळांवरून सोडा. सोडण्याआधी पैज: कुठली जोडी पडेल? तुम्ही ती जरा वाकडी सोडलीत तरीही तोंडाला तोंड लावलेली जोडी डुलत डुलत मध्यावर येते आणि शेवटपर्यंत जाते. बुडाला बूड लावलेली थोडी हलली की आणखी हलते आणि खाली पडते.

कारण साधं आहे. तोंडाला तोंड लावलेली जोडी मध्ये जाड, कडांना बारीक. ती उजवीकडे सरकली की उजव्या रुळावर तिचा जाडसर भाग येतो आणि डाव्या रुळावर बारीक. दोन्ही भाग एकाच वेळी एकच फेरा घेतात, कारण ते चिकटलेले आहेत. पण जाड भाग एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो. म्हणून उजवी बाजू पुढे जाते आणि जोडी आपोआप डावीकडे वळते. दुसऱ्या जोडीत हाच हिशेब उलटा चालतो, चूक आणखी वाढते.

रेल्वेचं चाक म्हणजे तोंडाला तोंड लावलेला कप. त्याचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसून आतून बाहेर किंचित उतरता असतो, ठरावीक उतार २० ला १. दोन्ही चाकं आणि मधली आस मिळून एकच घट्ट तुकडा. वळणावर बाहेरचा रूळ लांब पडतो. किती लांब? आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलं तर साधारण पावणेदोन मीटर. समजा गाडी काटकोनात वळली. आतला रूळ म्हणजे पाव वर्तुळ, बाहेरचा पावणेदोन मीटर मोठ्या त्रिज्येचं पाव वर्तुळ. एकातून दुसरं वजा करताना त्रिज्याच कटून जाते आणि उरतं १.५७ × १.७५, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर. वळण घाटातलं असो की मैलभर पसरलेलं, काटकोनासाठी फरक पावणेतीन मीटरच. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. कागदावर वजाबाकी करून बघा.

हा फरक भरून काढायला चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला किती सरकावी लागते? एक किलोमीटर त्रिज्येच्या वळणावर, साधारण ९१ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला, फक्त ८ मिलिमीटर! वळण फार तीव्र असेल तर तेवढं सरकायला जागा पुरत नाही, मग कड रुळाला टेकते आणि तो कर्कश आवाज कानावर येतो.

४. दोन तळवे आणि एक पेन्सिल

मोटारीला ही सोय नाही. तिचे टायर सपाट रस्त्यावर चालतात, शंकूसारखे करून भागत नाही. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर काटकोनी वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त जातं. टायरचा घेर १.८ मीटर असेल तर ते सव्वा फेऱ्याहून जास्त. भक्ती-शक्ती चौकात यू-टर्न घेतला तर दुप्पट. इंजिन तर दोन्ही चाकांना एकाच दांड्याने फिरवतंय. मग हा जादा फेरा येतो कुठून?

गोल पेन्सिल दोन तळव्यांमध्ये आडवी धरा, जोडलेल्या हातांनी घासल्यासारखी. दोन्ही तळवे १० सेंटिमीटर पुढे न्या. पेन्सिल १० सेंटिमीटर पुढे जाते, स्वतःभोवती फिरत नाही. आता डावा तळवा स्थिर ठेवून उजवा १० सेंटिमीटर पुढे न्या. पैज: पेन्सिल किती पुढे जाईल? दहा म्हणणारे बरेच निघतात. ती पाचच सेंटिमीटर जाते, आणि जाताना फिरते. एक तळवा पुढे, दुसरा तितकाच मागे नेला तर ती जागीच फिरते. पेन्सिल नेहमी दोन तळव्यांच्या हालचालीची सरासरी धरते.

इंजिनाचा दांडा आणि दोन चाकं यांच्यामध्ये बसवलेल्या डिफरन्शियलमधले छोटे दात्याचे गिअर हेच करतात, फक्त तळव्यांच्या जागी दोन चाकांच्या आसा आणि ढकलणं उलट्या बाजूने: इंजिन पेन्सिलला ढकलतं आणि दोन तळवे आपापसात वाटून घेतात. आईने दोघांत मिळून चार लाडू ठेवले, तर एकाने एक घेतला की दुसऱ्याला तीन, इतकीच अट. वळणावर आतलं चाक कमी घेतं, बाहेरचं जास्त.

गॅरेजमध्ये हे बघायला मिळतं. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, आणि इंजिनाने फिरणारी दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली असताना मेकॅनिकला एक चाक हाताने पुढे फिरवायला सांगा. दुसरं उलटं फिरतं. नवख्याला वाटतं काहीतरी तुटलंय. गिअरमुळे इंजिनाकडची बाजू अडकली आहे, म्हणजे सरासरी शून्य. एक पुढे तर दुसरं मागे जायलाच हवं. आणि याच लाडवांच्या वाटणीमुळे पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या गाडीचं एक चाक भन्नाट फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं ढिम्म राहतं: एकाने चारही घेतले.

चिंचवडला ऑटो क्लस्टरशेजारी महापालिकेचं सायन्स पार्क २०१३ पासून उघडं आहे आणि या गावाला शोभेल असं मोटारींचं दालनही तिथे आहे. जरूर जा. माझी तक्रार सगळ्याच विज्ञान केंद्रांतल्या बटणांबद्दल आहे. बटण दाबलं की काहीतरी फिरतं, दिवे लागतात, मूल पुढच्या बटणाकडे पळतं. मुलाचा हात बटणावर जायच्या आत त्याला थांबवून "काय होईल?" एवढं विचारणारा मोठा माणूस सोबत असला, तर त्याच तिकिटात दुप्पट काम होतं.

५. छर्रे आणि खिळे

शेवटचा प्रयोग गणिताचा. उभ्या फळीवर खिळ्यांच्या रांगा ठोकायच्या, प्रत्येक रांगेतला खिळा वरच्या रांगेतल्या फटीखाली येईल अशा. वरून मधोमध सायकलचे छर्रे सोडायचे आणि खाली कप्पे ठेवायचे. छर्रा प्रत्येक खिळ्यावर आपटून डावीकडे किंवा उजवीकडे जातो. कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. पैज: कप्पे सारखे भरतील की वेडेवाकडे?

इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८९ च्या आपल्या पुस्तकात या फळीचं वर्णन केलं. तिचा हिशेब मात्र त्याहून फार जुना. चार रांगा असतील तर खाली पाच कप्पे आणि तिथे पोचायच्या वाटा सोळा. डाव्या टोकाच्या कप्प्यात जाण्याची वाट एकच, चारही वेळा डावीकडे. मधल्या कप्प्यासाठी दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे, कुठल्याही क्रमाने: अशा वाटा सहा. सगळे मिळून १, ४, ६, ४, १. छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी पिंगलाच्या ग्रंथावर दहाव्या शतकात हलायुधाने जी टीका लिहिली, तिच्यात या संख्यांचा मेरुप्रस्तार आहे. दहा रांगा केल्या तर १,०२४ वाटांपैकी मधल्या कप्प्याला २५२ आणि टोकाला एकच. म्हणून शेकडो छर्रे सोडले की मध्ये उंच, दोन्हीकडे उतरती अशी टेकडी उभी राहते. एकेक छर्रा बेभरवशाचा, पण टेकडी दर वेळी जवळपास तीच.

भोसरीत २० मिलिमीटरचा शाफ्ट लेथवर उतरवणाऱ्याला ही टेकडी चांगली ओळखीची असते, नाव माहीत नसलं तरी. सळईचा कडकपणा, कूलंटचं तापमान, चकची पकड, पत्र्याखाली दुपारी वाढणारी उष्णता: प्रत्येक गोष्ट मापाला किंचित डावी-उजवीकडे ढकलते, खिळ्यासारखी. दिवसभराची मापं मांडली की २० च्या आसपास टेकडी तयार. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली यातून कंट्रोल चार्ट काढला. मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली अशा दोन मर्यादा, की काही बिघडलेलं नसताना हजारात साधारण तीनच ठिपके त्यांच्याबाहेर पडावेत. ठिपका बाहेर गेला की कारण शोधायचं. आत असेल तर मशीनला हात लावायचा नाही. हे दुसरं पाळणं जास्त कठीण. एक जॉब जरा मोठा आला म्हणून सेटिंग फिरवणारा कामगार हा छर्रा डावीकडे गेला म्हणून फळी हलवणारा असतो. त्याची टेकडी आणखी पसरते.

पण चार्टवर आणखी एक नियम पाळतात, आणि तो ठिपके मर्यादेच्या आत असतानाही लागू होतो. सलग सात ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर? नाणं सात वेळा उडवून सातही वेळा एकच बाजू येण्याची शक्यता ६४ मध्ये एक. टूल झिजलं की शाफ्टचा व्यास हळूहळू वाढत जातो, म्हणजे एकही जॉब नापास झालेला नसताना ठिपके वरच्या अंगाला चढायला लागतात. सातवा ठिपका वर पडला की क्वालिटीवाला मशीन थांबवतो आणि टूल काढून बघतो.